करार कोणी मोडला?

‘भरतीचा बोनस घेतला, मुदत पुरी केली नाही, मग उरलेल्या काळाचे पैसे परत करताना कुरकुर कसली?’ अमेरिकी सैन्यातून लवकर बाहेर पडणाऱ्यांविषयी माझ्या एका अर्थतज्ज्ञ मित्राने नुकतेच असे ठणकावून लिहिले. त्याच्या व्यासंगाचा मला आदर आहे, म्हणूनच हे विधान सोडून देता येत नाही.

त्याची सारी भिस्त अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनवर. सक्तीची भरती थांबवावी, अशी शिफारस १९७० मध्ये करणाऱ्या गेट्स आयोगाचे फ्रीडमन सदस्य होते. आपल्याला भाडोत्री सैन्याचे नेतृत्व करायचे नाही, असे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेस्टमोरलँड आयोगापुढे म्हणाले. त्यावर फ्रीडमननी विचारले, मग गुलामांच्या सैन्याचे करायचे आहे का? हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. जबरदस्तीपेक्षा मोबदला केव्हाही बरा. अमेरिकेच्या यादवी युद्धात बोनस घेऊन पळणारे आणि दुसरीकडे नव्या नावाने पुन्हा भरती होणारे लोकही होतेच. अशांकडून वसुली व्हायलाच हवी. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) डॉक्टर होऊन लष्करी सेवा नाकारणाऱ्याला बाँडची रक्कम भरावी लागते, तेही रास्त आहे. शिक्षण त्याच्या पदरात पडलेले असते. इथवर मी मित्राच्याच बाजूचा.

पण फ्रीडमनचे तर्कशास्त्र शेवटपर्यंत न्यायला हवे. बाजारातला नोकर राजीनामा देऊन घरी जातो. सैनिक तसा निघून गेला तर गुन्हेगार ठरतो. कुठल्या युद्धावर जायचे, किती काळ राहायचे, हे तो ठरवत नाही. लढाईतल्या जखमांमुळे सेवा सुटली तर कायदा सूट देतो. एरवी सेवा संपल्यापासून पाच वर्षांच्या आत न्यायालयाने दिवाळखोर ठरवले तरी हे देणे मिटत नाही. हुकूम सोडताना सरकार कर्तव्याची भाषा बोलते आणि वसुलीच्या वेळी कराराची. दोन्हींतला सोयीचा भाग त्याच्याकडे, जोखीम सैनिकाकडे.

कॅलिफोर्निया नॅशनल गार्डचे प्रकरण तर मित्राने वाचायलाच हवे. इराक आणि अफगाणिस्तानची युद्धे ऐन भरात असताना भरतीचे लक्ष्य गाठण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्यांनी नियम डावलून बोनस वाटले, अनेकांना १५ हजार डॉलर आणि त्याहून जास्त. पुढे सुमारे १० हजार सैनिकांना पैसे परत करण्यास सांगण्यात आले. त्यांत युद्धावर जाऊन आलेले, मुदत पाळलेले लोक होते. काहींनी घरावर कर्ज काढून फेड केली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे छापल्यावर संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांनी वसुली थांबवली. चूक कार्यालयाची आणि वर्षानुवर्षे हप्ते सैनिकाचे, ही कुठल्या बाजाराची रीत?

ट्रान्सजेंडर सैनिकांना सेवेतून काढण्याचा पेंटागॉनचा फेब्रुवारी २०२५ चा आदेश याहून गंभीर आहे. त्यानुसार या सैनिकांनी आपणहून सेवा सोडली तर आधी मिळालेला बोनस परत मागितला जाणार नाही. सेवेतच राहू म्हणणाऱ्याला सरकारने काढले, तर मात्र तो वसूल करता येईल. म्हणजे मुदत पुरी करायला जो तयार आहे, त्याच्याच डोक्यावर देणे. करार मोडणाऱ्याने भरपाई द्यावी, हे मित्राचे सूत्र मी शब्दशः मान्य करतो. त्याच सूत्राने या सैनिकांच्या उरलेल्या वर्षांचा पगार कोणी द्यायचा, हे त्याने पुढच्या लेखात सांगावे.