हजेरीपटावरचे खोटे



दहावीचा निकाल लागला की पालकवर्गाची पावले आमच्या कार्यालयाकडे वळतात. कुणाला शिफारसपत्र हवे असते, कुणाला सल्ला. हल्ली एक प्रश्न हमखास कानी येतो : "फादर, मुलाला साध्या कॉलेजात घालू की इंटिग्रेटेडला?" प्रश्न फीचा आणि प्रवासाचा वाटतो. आम्हांला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो, म्हणून आज त्याविषयी थोडे लिहीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आयआयटीत जायचे तर आधी जेईई मेन ही चाळणी पार करावी लागते. २०२५ साली तिच्या दोन सत्रांना मिळून १४ लाखांहून अधिक मुले बसली. त्यांतून सुमारे अडीच लाख मुलांना जेईई अॅडव्हान्स्ड ही पुढची परीक्षा देता येते आणि आयआयटीच्या जागा आहेत सुमारे १८ हजार. पालकांच्या पोटात गोळा येतो तो उगाच नव्हे. मग दोन वर्षे सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लास, असा बेत ठरतो. पण बारावीला बसायचे तर ज्युनिअर कॉलेजची ७५ टक्के हजेरी लागते. त्यावर तोडगा निघतो. नाव एका कॉलेजात, मूल भलत्याच ठिकाणी क्लासमध्ये आणि हजेरीपटावर मात्र रोज 'हजर'.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. सीबीएसईने २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता याच कारणास्तव काढून घेतली. पण अंगठ्याचे यंत्र बसवून मन बदलत नाही. पळवाट शोधणारा पळवाट शोधतोच.

आता मुख्य प्रश्न. पालक म्हणतात, "यात फसवले कुणाला? कॉलेजला माहीत, क्लासला माहीत, आम्हांला माहीत, मुलालाही माहीत. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट खोटी कशी?"

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो तपासून पाहू. संत थॉमस अक्वायनस यांनी दाखवून दिले आहे की खोटे केवळ शब्दांनी बोलले जात नाही, बाह्य कृतीनेही बोलले जाते. रिकाम्या बाकासमोर मारलेली 'हजर'ची खूण ही अशीच एक कृती आहे. ती खूण कॉलेजसाठी नसते, क्लाससाठीही नसते. जो वर्गात नव्हता आणि ज्याला पाहून खात्री करता येत नाही, त्याच्यासाठी ती असते. म्हणजे बोर्डासाठी आणि पर्यायाने समाजासाठी. आपसांत सगळ्यांना सत्य ठाऊक आहे याचा अर्थ फसवणूक झाली नाही असा होत नाही. फसवणुकीत सगळे सामील आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांची कसोटी तर फार सोपी आहे. मी करतो तेच सर्वांनी करावे, असा नियम मला चालेल का? प्रत्येक मुलाची हजेरी अशीच लागली तर 'हजर' या शब्दाला काही अर्थ उरणार नाही. इतर लोक नियम पाळतात म्हणूनच आपली पळवाट चालते. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर आपण फुकट जगतो.

आणि याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरी क्लासच्या फीचे पैसे नाहीत तो मुलगा. तो सकाळी डबा घेऊन कॉलेजात जातो. पटावर ऐंशी नावे, वर्गात आठ मुले. अशा वर्गात शिक्षकाचा हुरूप किती दिवस टिकणार? हळूहळू तास गळतात, प्रयोगशाळेला कुलूप राहते. आपल्या मुलासाठी आपण जी सोय केली, तिने शेजारच्या मुलाचा शिक्षक काढून घेतला.

दुसरी किंमत आपलेच मूल मोजते. बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. कॉलेजात न जाणारा मुलगा जर्नल कसे पुरे करतो? मित्राच्या वहीतून रीडिंग उतरवतो. मीटर ब्रिजला हात लावलेला नसतो, टायट्रेशनचा रंग पाहिलेला नसतो, पण आकडे मात्र नीटनेटके. सगळे विज्ञान एका विश्वासावर उभे आहे : जो आकडा लिहिला, तो मोजला आहे. उद्या हाच मुलगा पुलाच्या काँक्रीटची चाचणी घेईल. न मोजलेला आकडा लिहायला आपण त्याला सोळाव्या वर्षीच शिकवले, तेही आपल्या सहीनिशी.

गंमत अशी की ती परीक्षा स्वतः याच्या उलट शिकवते. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा आणि कोऱ्या उत्तराला शून्य. माहीत नसेल तर माहीत असल्याचा आव आणू नकोस, हाच तो धडा.

कुणी म्हणेल, "फादर, उपदेश सोपा आहे. सगळे धावत असताना आमच्याच मुलाने हळू का चालावे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. क्लास लावणे हे पाप नव्हे, कष्ट करणे तर नव्हेच. सरळ मार्गाने गेल्यास रँक अधिक चांगली येईल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. कदाचित थोडे गुण कमी पडतील, कदाचित हवे ते कॉलेज हुकेल. सत्याची किंमत शून्य असती तर सत्य बोलण्यात थोरवी कसली?

पण वाट अगदीच बंद नाही. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात जाऊन विचारा : तास होतात का? प्रयोगशाळा उघडते का? क्लास हवा असेल तर संध्याकाळचा किंवा शनिवार-रविवारचा शोधा. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. केंद्र सरकार आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ साली सुरू केलेले 'साथी' हे पोर्टलही मोफत आहे. जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. आपल्या धर्मग्रामात इंजिनिअर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी चार मुलांना गणित शिकवले, तर सभागृहाची किल्ली द्यायला आम्ही तयार आहोत.

या आठवड्यात एवढेच करा. प्रवेशाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मुलाला समोर बसवा आणि त्या हजेरीचा खरा अर्थ त्याला मोकळेपणाने सांगा. सांगताना जीभ अडखळली, तर सही करू नका.

आपले,
धर्मगुरू