सीप्झमधलं बेथेल

आजचा शास्त्रपाठ: उत्पत्ती २८:१०–२२
सोबत वाचा: उत्पत्ती ३३:१–११ आणि मत्तय ५:२३–२४



तुमच्यापैकी बरेच जण मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "दादा, देवाची इच्छा कशी ओळखायची?" कुणाला नोकरी बदलायची असते, कुणाला स्थळ आलेलं असतं, कुणाला बाहेर शिकायला जायचं असतं. आज त्यावर उपदेश न करता माझ्यावर आलेली एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, म्हणून इतके दिवस लिहिली नव्हती.

मेट्रो तीन सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. माझं ऑफिस तेव्हा अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या आत होतं. सकाळी मुलुंडहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून शेअर रिक्षा, मग गेटवर पास दाखवून आत. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर शास्त्रपाठ वाचायचा आणि मेट्रोत डोळे मिटून प्रार्थना करायची, असा माझा नेम होता. अजूनही आहे.

त्या दिवसांत माझी एकच प्रार्थना चालू होती. कॅनडातून नोकरीची ऑफर आली होती आणि सहा आठवड्यांत कळवायचं होतं. मी दोन शुक्रवार उपास केले. पाळकसाहेबांना घरी बोलावून प्रार्थना केली. बायबल मध्येच कुठेतरी उघडून बोट ठेवून पाहिलं, हेही कबूल करतो. एकदा निर्गम निघालं. मिसर देशातून बाहेर पडण्याची गोष्ट. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं! दुसऱ्या दिवशी योना निघाला. आता हा तर देवापासून पळण्यासाठीच जहाजात बसलेला माणूस. मी गप्प बायबल मिटलं.

याच काळात ऑफिसात एक घटना घडली. एका क्लायंटच्या डेटामध्ये दुरुस्ती करायची होती. त्यासाठीची स्क्रिप्ट मी लिहिली. ती फक्त एका महिन्याच्या नोंदींवर चालायला हवी होती, पण महिन्याची अट घालायला मी विसरलो. शुक्रवारी रात्री ती प्रॉडक्शनवर चालवली माझ्या टीममधल्या एका मुलाने. परभणीकडचा मुलगा, जेमतेम दीड वर्षाचा अनुभव. सोमवारी सकाळी क्लायंटच्या जुन्या इन्व्हॉइस बदललेल्या होत्या आणि फोनवर फोन सुरू झाले.

लॉगमध्ये नाव त्या मुलाचं होतं, कारण लॉगिन त्याचं होतं. कॉलवर मॅनेजरने विचारलं, "हे झालं कसं?" मी म्हणालो, "चालवण्याआधी एकदा नीट बघायला हवं होतं." एवढंच. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण स्क्रिप्ट कुणी लिहिली, ते मी बोललो नाही आणि घाईत कुणी विचारलंही नाही. आरसीएच्या मेलमध्ये ज्युनियरची चूक असं गेलं. पंधरा दिवसांनी त्या मुलाला पीआयपीवर टाकलं. सुधारणा दिसली नाही तर नोकरी जाणार, हे आयटीत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

आणि त्या आठवड्यात मी इथे काय लिहीत होतो? देवाचा आवाज कसा ओळखावा, यावर ओळीने तीन दिवस मनन.

मे महिना होता. मरोळला राहणारा माझा एक ईस्ट इंडियन सहकारी चहा पिताना म्हणाला, "रविवारी आमची मिस्सा आहे, सीप्झमध्ये." मला वाटलं, हा मस्करी करतोय. त्याने खिडकीकडे बोट केलं. "अरे, तिकडे मागे आमचं जुनं चर्च आहे. तुला माहीत नाही?"

सहा वर्षं मी त्या आवारात काम करत होतो. मला माहीत नव्हतं.

दुपारी जेवण सोडून तिकडे गेलो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं ते चर्च. जेझुइट मिशनऱ्यांनी १५७९ साली बांधलेलं. इथे तेव्हा कोंडिविटा गावाची वस्ती होती. १८४० मध्ये साथीचा रोग आला, माणसं गेली, उरलेले लोक मरोळला सरकले आणि तिथे नवं चर्च उभं राहिलं. जुनं तसंच मागे राहिलं. पुढे १९७० च्या दशकात भोवती निर्यात क्षेत्र आलं, कुंपण आलं, पास आले, हिऱ्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या आल्या. आज छप्पर नाही. जाड भिंती उभ्या आहेत आणि त्यांवर झाडं वाढली आहेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, भाविक आत येतात, मिस्सा होते, आणि गेट पुन्हा नेहमीसारखं चालू.

मी प्रोटेस्टंट घरातला, नगरकडचा. जुन्या दगडांना हात लावून नमस्कार करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. पण त्या भिंतींकडे बघत उभा राहिलो आणि मला याकोब आठवला.

आजचा पाठ वाचलात ना? याकोब बैरशेबाहून हारानकडे निघाला आहे. सूर्य मावळला म्हणून वाटेतच थांबतो, एक धोंडा उशाशी घेतो आणि झोपतो. स्वप्नात शिडी दिसते, देवदूत चढता-उतरताना दिसतात आणि परमेश्वर त्याच्याशी बोलतो. जागा झाल्यावर याकोब घाबरून जातो. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा, की देव याच जागी होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

इथपर्यंत मीही खूश होतो. वा! माझ्याच ऑफिसच्या मागे बेथेल! संध्याकाळी लिहायला किती छान विषय मिळाला! मोबाईल काढून फोटोही घेतला. मग उभ्या उभ्या तो अध्याय पुन्हा वाचायला घेतला आणि या वेळी आधीच्या पानावर गेलो.

हा माणूस मुळात त्या रानात कशाला आला होता? तो यात्रेला निघालेला नव्हता. तो पळत होता. आंधळ्या बापासमोर भावाचे कपडे घालून, हातांना करडांची कातडी लावून तो उभा राहिला होता. "तू कोण?" असं बापाने विचारलं तेव्हा त्याने भावाचं नाव सांगितलं होतं. त्याने भावाच्या नावावर आशीर्वाद घेतला.

आणि मी? मी भावाच्या नावावर माझी चूक टाकली होती.

आता पुढे बघा. परमेश्वर या पळपुट्याला रागावत नाही. मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथे तुला राखीन, तुला परत या देशात आणीन, असं वचन देतो. ही कृपा आहे. आपण सुधारण्याची वाट न बघता देव जवळ येतो. पण वचनातला शेवटचा भाग आपण भराभर वाचून पुढे जातो. परत आणीन. परत म्हणजे कुठे? जिथे एसाव आहे तिथे.

सकाळी याकोब नवस करतो. त्या नवसात खायला अन्न आहे, अंगावर कपडे आहेत, बापाच्या घरी सुखरूप परतणं आहे. एक नाव मात्र कुठेच नाही. एसाव. देवाची भेट झाली, दगडावर तेल ओतलं, दशमांशही कबूल केला, पण ज्याला फसवलं त्याचा उल्लेख नाही.

मी माझी सहा आठवड्यांची प्रार्थना आठवली. तिच्यात कॅनडा होतं, मुलीची शाळा होती, होम लोन होतं, आईचे गुडघे होते. त्या मुलाचं नाव एकदाही नव्हतं. मी देवाला म्हणत होतो, "प्रभू, बोल, तू गप्प का?" तो गप्प नव्हता. त्या सोमवारच्या कॉलपासून रोज माझ्या पोटात जे दुखत होतं, ते मी ॲसिडिटी समजून गोळ्या घेत होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो, की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी एका वेदीच्या अवशेषांसमोरच उभा होतो. यापेक्षा स्पष्ट काय हवं होतं?

तरी मी लगेच गेलो नाही. दोन दिवस काढले. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग अजून इथे काय करतोयस?"

मॅनेजरला सांगितलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. क्लायंटला दुरुस्तीचा मेल गेला. मुलाचं पीआयपी मागे घेतलं. माझं त्या वर्षीचं रेटिंग उतरलं आणि लीडची जागा दुसऱ्याला मिळाली. ते बरोबरच होतं.

मग कँटीनमध्ये त्या मुलासमोर बसलो आणि माफी मागितली. तो चमच्याने भात इकडे-तिकडे करत होता. मग म्हणाला, "सर, मला माहीत होतं. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत तुमचं नाव होतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही रोज बायबल वाचता ना. वाटलं, तुम्ही सांगाल."

मित्रांनो, मी अनेक प्रभावी संदेश ऐकले आहेत. पण हा मुलगा ख्रिस्ती नाही, त्याने बायबल कधी उघडलेलं नाही, आणि त्या एका वाक्याने मला जितकं हलवलं तितकं कशानेही नाही. याकोब वीस वर्षांनी परत निघाला तेव्हा देवाने त्याला स्वतःची ओळख बेथेलचा देव अशीच करून दिली आणि घरी जा म्हणाला. समोरून एसाव चारशे माणसं घेऊन येत होता. याकोब भीतीने अर्धमेला झाला होता. पण एसाव धावत आला आणि गळ्यात पडला. तेव्हा याकोब त्याला म्हणतो, की तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहिल्यासारखं आहे. बेथेलला सुरू झालेली भेट इथे पुरी झाली. शिडी स्वप्नात दिसली होती, भाऊ समोर उभा होता.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला हे नवं नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांच्या हातात नवा करार दिला. टिळक पोटापाण्यासाठी निघाले होते. देव त्यांना डब्यात भेटला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पावलाची किंमत किती मोठी होती, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. देवाची भेट प्रवासात, गर्दीत, दुसऱ्याच कामाला निघालेल्या माणसाला होते. आणि तिथून पुढचं पाऊल बहुतेक वेळा सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र जपून घ्या. प्रार्थनेचं उत्तर येत नाही म्हणजे तुमच्या आयुष्यात लपलेलं पाप असणारच, असं मी म्हणत नाही. ईयोबाचे मित्र हेच म्हणत बसले आणि देवाने त्यांना चूक ठरवलं. ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याला हा लेख पाठवून टोचू नका. हा लेख आधी स्वतःसाठी वाचा. मी एवढंच म्हणतो, की जे आधीच कळलंय ते बाजूला ठेवून, जे कळलेलं नाही त्यासाठी उपास करू नका.

आणि कॅनडाचं काय झालं? त्याचं उत्तर आकाशातून आलं नाही. आम्ही दोघं एका रविवारी वही घेऊन बसलो, आईशी बोललो, हिशोब मांडला आणि नाही म्हणून कळवलं. चूक की बरोबर, असं आता मी रोज विचारत नाही. दोन्हीकडे तो बरोबर असता, हे आता मला कळतं.

आजसाठी एक काम: आज ट्रेनमध्ये किंवा मेट्रोत प्रार्थना कराल तेव्हा तुमच्या रोजच्या प्रार्थनेत कुणाचं नाव येत नाही, ते आठवून बघा. ते नाव मोठ्याने नको, मनात घ्या. मग फोन हातात आहेच.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू आमच्या जवळ होतास आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. तू बोलत होतास आणि आम्ही दुसरंच ऐकायला बसलो होतो. आम्ही पळत असतानाही तू आमच्याबरोबर राहिलास, म्हणून तुझे आभार. आता आम्हाला परत जाण्याचं बळ दे. आमच्या भावाच्या तोंडाकडे सरळ बघता येईल, असं कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.