कुणी हात लावला?

नवी वस्तू बिघडली की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो. काय बिघडलं, असं कुणी विचारत नाही. ‘कुणी हात लावला?’ असं विचारतात. विहिरीवरची मोटार जळू दे नाहीतर नव्या मिक्सरचं भांडं अडकू दे, प्रश्न तोच. हात लावणारा सापडला की बिघाड सापडला, असं धरून सगळे आपापल्या कामाला लागतात. तालुक्याच्या गावी मी काही वर्षं कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं. त्या काळात या प्रश्नाशी इतक्यांदा गाठ पडली की पुढं पुढं मला यंत्रापेक्षा त्याचंच कोडं पडायला लागलं.

2008 साल असेल. भारनियमनाचे दिवस. शेजारच्या गावच्या दूध संस्थेनं नवा कॉम्प्युटर घेतला. दर दहा दिवसांची बिलं हातानं लिहून सेक्रेटरी तात्या मेटाकुटीला आले होते. दुकानदारानं सुटे भाग जोडून मशीन तयार केलं, दुकानातच चालू करून दाखवलं, आणि दुधाच्या टेम्पोतून, रिकाम्या कॅनच्या शेजारी बसून, ते गावात आलं. खोकं मांडीवर धरून आणलं ते संस्थेत कॅन उचलणाऱ्या पोरानं. अठरा-एकोणीस वर्षांचं असेल. तात्यांनी नारळ फोडला, बटण दाबलं. आत पंखा फिरला, पण पडदा काळाच. आणि डब्यातून रडल्यागत लांबलचक शिट्टी, पुन्हा पुन्हा.

मला बोलावणं आलं तोवर निकाल लागलेला होता. ‘ह्यानंच वाटंत कुठंतरी आपटलाय,’ चेअरमन आण्णा म्हणाले. ‘दुरुस्तीचा खर्च ह्याच्या पगारातनं कापायचा.’ पोरगं दाराशी उभं होतं. हो नाही, नाही नाही.

नवं मशीन चालू होत नाही तेव्हा करायचं काम सोपं असतं, फक्त त्याला धीर लागतो. आधी बाहेरचं बघायचं. प्लगमध्ये वीज आहे का, पाठीमागचा खटका चालू आहे का, मॉनिटरची वायर नीट बसली आहे का. मग झाकण काढायचं आणि एकेक गोष्ट वजा करत जायची. हार्ड डिस्क काढली, सीडी ड्राइव्ह काढला. मदरबोर्ड, प्रोसेसर, वीज देणारा डबा आणि रॅमची एक पट्टी, एवढंच ठेवलं. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम हलवल्या आणि मशीन चालू झालं, तर काम होतं पण कळत काहीच नाही. पुष्कळ दुरुस्तीवाले इथंच उरकतात. चालू झालं ना, मग कशाला खोलात जायचं. मला ते कधी पटलं नाही. जो भाग निर्दोष होता तोही मग उगीच बदलला जातो, आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाला पडतात.

शिट्टीचाही अर्थ असतो. मशीन चालू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतं, आणि पडद्यावर काही दाखवायच्या आतच अडलं तर आवाजानं सांगतं. मदरबोर्ड कुणाचा यावर शिट्ट्यांची भाषा बदलते, पण थांबून थांबून येणाऱ्या लांब शिट्टीला आमचा हात आधी रॅमकडं जायचा. बघितलं तर पट्टीचं एक टोक वर आलेलं. एका बाजूची चाप उघडी. पट्टी काढली, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, परत खाचेत बसवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्, टक्. दोन्ही चापा बसल्या. पडदा उजळला.

तात्यांनी हात जोडले. आण्णांचं मात्र समाधान झालेलं नव्हतं.

‘म्हंजी आपटल्यामुळंच निघाली ना पट्टी?’

‘पट्टी निघाली होती एवढं खरं, आण्णा. कशानं निघाली ते पट्टीवर लिहिलेलं नसतं. दुकानात अर्धवट बसली असंल, रस्त्याच्या खड्ड्यांनी उचलली असंल.’

‘नाहीतर ह्यानं आपटला असंल.’

‘असंल. पण डब्याचा कोपरा चेपलेला नाही. खोक्यातला थर्माकोल तुटलेला नाही.’

‘खूण नाही म्हंजी पडलाच नाही, असं थोडंच हाय?’

आण्णांचं बोलणं चुकीचं नव्हतं. खूण नसणं हा काही पुरावा नव्हे. त्या घटकेला एक सोपी वाट समोर होती. दुकानदाराचीच चूक, असं ठोकून दिलं असतं तर पोरगं सुटलं असतं, आणि माझ्या शब्दाला तिथं कुणी आव्हान देणार नव्हतं. गरिबाच्या बाजूनं बोललेलं खोटं पचतं, असं आपण म्हणतो. पण ते खोटं दुसऱ्या कुणाच्या तरी पानात वाढलेलं असतं. दुकानात ज्यानं पट्टी बसवली तोही कुणाचा तरी नोकरच असणार. त्याचा पगार कापला तर तो आम्हांला दिसणार नव्हता, एवढाच काय तो फरक.

मी आण्णांना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. ‘लॅक्टोमीटर काय सांगतो?’

‘दुधात पाणी हाय का ते.’

‘पाणी कुणी घातलं ते सांगतो?’

आण्णा हसले नाहीत. दूध संस्थेत हे भांडण रोजचं. मालक म्हणतो गड्यानं घातलं, गडी म्हणतो धारेच्या आधीच कासंडीत होतं. संस्था दूध नाकारते, पण चोर कोण ते ठरवायला जात नाही. तो अधिकार त्या काचेच्या नळीनं दिलेला नसतो. बिघाड शोधणं वेगळं आणि माणूस शोधणं वेगळं. पहिल्याची आमच्याकडं पद्धत आहे, शिट्ट्या आहेत, चापा आहेत. दुसऱ्यासाठी आपण पहिल्याचंच माप उसनं आणतो. आणि ते लावतो कुणाला, तर जो दाराशी उभा असतो त्याला.

पगार कापला नाही. का नाही कापला, हे आण्णांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आठवड्यानं पुन्हा निरोप. कॉम्प्युटर शॉक मारतो. अनवाणी पायांनी डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या. मी टेस्टर लावला तर दिवा मिणमिणला. याही वेळी मशीन बरोबरच होतं. वीजपुरवठ्याच्या डब्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. विजेतला खरखराट जमिनीत सोडायचं त्यांचं काम. पण जमीनच नसली, म्हणजे अर्थिंगची तिसरी वायर कुठं पोचतच नसली, तर डब्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी बारीक, पण माणूस दचकतो. आणि खरा फेज कधी डब्याला टेकला तर मात्र वाट काढून द्यायला कुणी नसतं. खोली बांधली तेव्हा वायरमननं तीन भोकांचा सॉकेट बसवला होता, तिसऱ्या भोकामागं वायरच नव्हती. त्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक. तोवर खोलीत दिवा आणि पंखा, त्यामुळं कुणाला पत्ता नव्हता. आता याला जबाबदार धरायचं कुणाला? जो बिघाड होता तो तिथं नसलेल्या गोष्टीचा होता. तिला हात लावलेलाच नव्हता कुणी.

भिंतीमागं खड्डा घेतला. तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी, आणि तिथून सॉकेटपर्यंत जाड वायर. खड्डा खणायला ते पोरगं होतं. खणता खणता त्यानं विचारलं, ‘दादा, मिठानं काय हुतं?’ माती ओली धरून ठेवतं आणि विजेला वाट देतं, म्हणालो. उन्हाळ्यात खड्डा वाळला की अर्थिंगही वाळतं, म्हणून मधून मधून बादलीभर पाणी ओतावं लागतं, हेही सांगितलं. हे काम कुणाचं, ते संस्थेच्या कुठल्या ठरावात आलं नाही. तो ओतायचा.