जुनी मोटार आणि समाधान

अमेरिकेतील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारी, जीप आदी हलक्या वाहनांचे सरासरी वय २००२ साली सुमारे ९.६ वर्षे होते. २०२५ साली ते १२.८ वर्षांवर गेले. हे त्याच देशात घडले, जेथे १९२० नंतरच्या काळात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दर वर्षी नवे रूप बाजारात आणण्याची प्रथा रूढ केली. चांगली चालणारी गाडीही मालकाला जुनी वाटू लागावी, हा तिचा हेतू. मग तेथील लोक आता समाधानी झाले, असे म्हणावे काय?

कारणे पाहू. पहिले, गाड्याच टिकाऊ झाल्या. १९७० च्या सुमारास तेथील बहुतेक गाड्यांत मैल मोजण्यास पाचच आकडे असत; एक लाख मैल भरले की ते पुन्हा शून्यावर येत. तेवढी मजल फार थोड्या गाड्या गाठीत. पुढे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यामुळे गंज कमी झाला, इंजिने सुधारली, आणि आज दोन लाख मैल चाललेल्या गाडीचे कोणाला नवल वाटत नाही. दुसरे कारण किमतीचे. कोविडनंतर २०२१ साली चिपांचा तुटवडा पडला व गाड्या महागल्या. २०१९ च्या अखेरीस नव्या गाडीची सरासरी किंमत ४० हजार डॉलरच्या आत होती. २०२३ साली ती ४८ हजारांच्या घरात गेली. २०२२ पासून कर्जावरील व्याजही चढले. तेथे पुष्कळ ठिकाणी बस नाही. गाडी टाकून देता येत नाही, म्हणून दुरुस्त करून चालवावी लागते.

या कारणांत समाधानाचे नाव कोठेच नाही. वाचकहो, विचार येथेच करावयाचा आहे. बारा वर्षांच्या तीन गाड्या एका रांगेत उभ्या आहेत असे समजा. पहिलीच्या मालकाला हप्ते झेपत नाहीत. दुसरीच्या मालकाला झेपतात, पण त्याला नव्या गाडीची गरज वाटत नाही. तिसरा मालक पैसा असूनही झिजलेले टायर बदलत नाही. बाहेरून तिन्ही गाड्या सारख्याच. पहिल्याचा नाइलाज आहे. त्याला काटकसरीचे धडे देणे हा निर्दयपणा होय. तिसऱ्याचा कंजूषपणा आहे, आणि त्याची किंमत रस्त्यावरचा दुसरा कोणी देतो. गिबोनकरांचे ठिगळ लावलेले जोडे यहोशवाने पाहिले आणि तो फसला, हे आपण मुलांना शिकवतोच.

दुसऱ्या मालकालाही एक प्रश्न आहे. गाडी घसरू न देणारी यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व गाड्यांना सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ती नाही. शिवाय ज्यांना परवडते ते आपली गाडी विकत नाहीत, तेव्हा गरिबाला जुनी गाडीही महाग पडते. म्हणजे जुने जपणे चांगले खरे, पण शेजाऱ्याचा विचार केल्यावाचून ते पुरे होत नाही.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना विपुलता व उणीव या दोहोंत समाधानी राहण्यास आपण शिकलो असे सांगितले. उणिवेत मनुष्य गप्प बसतो, म्हणून तो समाधानी आहे असे ठरत नाही. हातात पैसा असताना त्याची परीक्षा होते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांना एवढेच विचारावे: तुमच्या घरातील कोणती जुनी वस्तू, उद्या पैसे आले तरी, तुम्ही ठेवाल? आणि ती ठेवल्याने कोणाचे भले होईल?