कसा झाला, हे विचारण्याआधी

एखाद्याला एचआयव्ही आहे असं कळलं, की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो : ‘याला कसा झाला?’ गोळ्या चालू आहेत का, घरी कोण बघतं, हे नंतर. उत्तर ऐकून आपण ठरवतो, कळवळा दाखवायचा की लांब बसायचं.

१९८६ मध्ये चेन्नईत देशातली पहिली लागण देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळली. मग आपण हा आजार कामाठीपुरा, बुधवार पेठ आणि ट्रकथांब्यांच्या नावे लिहून टाकला. घराला त्याची भीती नाही, असं मानलं. पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ पासून गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. त्या ३९१ पैकी बहुसंख्य जणींच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता, त्यांचा नवरा. हे प्रमाण दवाखान्यात आलेल्यांचं, सगळ्या शहराचं नव्हे. पण आजार घरात शिरला होता, हे त्यातून स्पष्ट झालं. पुढे गरोदरपणी तपासणी होऊ लागली. कित्येक घरांत आधी सुनेचा रिपोर्ट आला, नवऱ्याचा नंतर. आणि ‘हिनेच आणला’ म्हणायला सासर मोकळं झालं.

अशा सुनेची बाजू घेताना आपण नकळत दुसरा अन्याय करतो. ही बिचारी, ‘त्या’ मात्र दोषी! सांगलीत १९९२ मध्ये ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू झालं, १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्यांना आपण आजाराचं मूळ म्हणत होतो, त्याच बायकांनी वस्तीत निरोध वाटले, निरोध नसेल तर गिऱ्हाईक परत पाठवायचं बळ एकमेकींना दिलं. लग्नाच्या नवऱ्याला तेच सांगण्याची सोय आजही किती घरांत आहे? मला वाटतं, आजार घरापर्यंत पोचण्याचं खरं कारण या गप्प बसण्यात आहे.

२००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढण्याला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केली आहे. तुमच्या ओळखीत अशी कुणी विधवा माहेरी परत पाठवली गेली असेल, तर तिला हा कायदा सांगा. आजार कसा झाला, ते विचारू नका.