अष्टूरचा वली कोणाचा?

बिदरच्या पूर्वेला अष्टूर गावाबाहेर बहमनी सुलतानांची थडगी ओळीने उभी आहेत. त्यातल्या हुमायूनच्या घुमटावर १८८२ मध्ये वीज पडली आणि इमारतीचा मोठा भाग ढासळला. हुमायूनला लोक जालीम म्हणत; विजेचा अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नसेल. शेजारीच त्याचा आजोबा अहमदशहा आहे. गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणणारा हा सुलतान १४३६ मध्ये वारला. दुष्काळात त्याने दुवा मागितली, पाऊस आला आणि तो वली झाला, असं सांगतात.

मुसलमानांचा तो वली. लिंगायतांचा अल्लमप्रभू!

अल्लमप्रभू बाराव्या शतकातले, इथून जवळच्याच कल्याणच्या अनुभवमंटपाचे अध्यक्ष. मध्ये जवळपास तीनशे वर्षं जातात. पण एकदा अवतार मानला की सनावळीची काळजी मिटते.

उरूस भरतो तो होळी उलटल्यावर, हिंदू पंचांग पाहून. गुलबर्ग्यातला बंदेनवाजांचा उरूस जिल्काद महिन्यातला, त्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. कधी पावसात, कधी थंडीत. अष्टूरचा उरूस उन्हाळा सोडत नाही. रब्बीची रास घरात आलेली असते, हे त्यामागचं कारण असावं. कलबुर्गी जिल्ह्यातल्या मड्याळचे जंगम शिष्यांसह येतात, थडग्यापुढे शंख फुंकतात, नारळ फोडतात. फातिहाही होतो. हे सगळं चालतं त्याच घुमटाखाली रंगीत अक्षरांत किरमाणच्या शाह नियामतुल्ला वलींची गुरुपरंपरा लिहिलेली आहे.

समन्वय म्हणून हे सोडून देणं सोपं. पण वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणबत्ती वाहणारा हिंदू, ती ख्रिस्त्यांची हे धरूनच नवस बोलतो. अष्टूरला दोघंही म्हणतात, हा आमचाच. तर्काने पाहिलं तर एकाचं चुकलं पाहिजे. कोणाचं?

मराठी परंपरेला हा पेच नवा नाही. दामाजीपंतांची रक्कम विठोबाने विठू महार होऊन भरली ती याच बिदरच्या दरबारात. बहमनी घराण्यातले मानले जाणारे शहा मुंतोजी तर सहजानंदांचे शिष्य झाले, मृत्युंजय म्हणवले गेले आणि मराठीत ‘सिद्धसंकेतप्रबंध’ लिहून गेले.

अष्टूरला मान ठरलेले आहेत. वली खरा कोण, हे मात्र कोणी ठरवायला बसलेलं नाही, आणि रीत टिकली ती बहुधा त्यामुळेच. चिकमगळूरकडे बाबा बुडनगिरीवर दत्तात्रेय आणि दादा हयात यांची एकच गुहा आहे. तिथे पूजा मुजावराने करायची की अर्चकाने, हा वाद वर्षानुवर्षं कोर्टात फिरतो आहे.