उपटणाऱ्याचे हात

आमच्या इंदूरकडे त्याला गाजरघास म्हणतात, महाराष्ट्रात गाजरगवत. जुनी माणसे काँग्रेस गवतही म्हणतात, पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे. मूळ अमेरिका खंडातले हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचे बी आले, असे सांगतात. पुढे रुळांच्या कडेने, ट्रकमधल्या मातीतून ते देशभर पसरले.

जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट असा त्याच्या निर्मूलनाचा जागृती-सप्ताह पाळला जातो. शाळाशाळांतून श्रमदान होते. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी तेच गवत हजर! नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, ते परत येणारच असेल तर उपटायचे कशाला?" प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या तासाला आला, पण तो नीतिशास्त्राचा होता.

परत येणारे काम व्यर्थ, असे म्हणता येत नाही. घरातला केर रोजच काढावा लागतो. पण घरचा केर घरचाच असतो. हे बी शेजाऱ्याच्या जागेतून येते. एका झाडाला १५,००० ते २५,००० बिया धरतात. त्या वाऱ्या-पाण्याबरोबर जातात आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उगवल्यापासून महिन्याभरात फूल येते. म्हणजे उपटायचे ते फुलाआधी, ओल्या मातीतून, मुळासकट. (समारंभपूर्वक श्रमदान मात्र बहुधा फुलांचा बहर आल्यावर होते. पाहुण्यांना सवड तेव्हाच मिळते.) वरवर कापले तर ते पुन्हा फुटते.

इंदूरच्या नव्या वसाहतींत भाव वाढण्याची वाट पाहत पडलेले कितीतरी प्लॉट आहेत. मालक दुसऱ्या शहरात, गवत येथे. जागेचा नफा त्याचा आणि गवताचा खर्च आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते? शेतकरी पिकातले तण काढतो, कारण पीक विकून खर्च निघतो. पडीक जमिनीतून काहीच निघत नाही, म्हणून तेथे औषधही कोणी फवारत नाही. मेक्सिकोहून १९८३ मध्ये आणलेले भुंगेरे चाचणीनंतर १९८४ मध्ये बंगळुरूला सोडले गेले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतात, आणि गवत जेथे ओल सापडेल तेथे उगवते. मोकळ्या जागी टाकळा पेरला तर तो गाजरगवताला दाबतो. हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय, पण जागेवर पाऊल टाकू देणारा मालक हवा.

आता 'परकी' या शब्दाविषयी. श्रमदानाच्या भाषणांत तो फार सैलपणे येतो, आणि आमच्यासारख्यांना खटकतो. अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांना तरी तो जपून वापरायला हवा. सोयाबीन चीनकडचे, आज माळव्याची शेती त्यावर उभी आहे. पोह्यांतली मिरची आणि कचोरीतला बटाटा, दोन्ही अमेरिकेचे. कोण कोठून आले यावर गुन्हा ठरत नाही. आल्यावर शेजाऱ्याला जगू देतो की नाही, हे पाहायचे. गाजरगवत आपल्या मुळा-पानांतील द्रव्यांनी इतर बियांची उगवण रोखते, गुरांची चराई संपवते. त्याच्यावर खटला भरायचा तो या कलमाखाली.

उरतो प्रश्न हातांचा. शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला हे गवत उपटतात त्या बहुतेक रोजंदारीवरच्या बायका. त्याच्या स्पर्शाने कातडीला खाज, पुरळ, सूज येते. परागांनी दम्याचा त्रास होतो. एकदा कातडीने धसका घेतला की थोडा संपर्कही पुरतो, आणि दरवर्षी त्रास वाढत जातो. आपण निर्मूलनाच्या खर्चात मजुरी धरतो. त्या बाईच्या मलमाचे पैसे, खाडा झालेला रोज, रात्रीची मोडलेली झोप कोणत्याच हिशेबात लिहिली जात नाही. हातमोजांची जोडी काही फार महाग नसते. ती कामावर घेणाऱ्याने द्यायची की काम करणारीने आणायची, यावर मी भल्या भल्या माणसांना घासाघीस करताना पाहिले आहे.